तुम्ही विचारलंत म्हणून: अनोळखी मॅनेजरला पहिला मेसेज

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत कॉम्प्रेस्ड एअरची, म्हणजे मशिनं चालवायला दाबून भरलेल्या हवेची, गळती शोधून देणं हा माझा धंदा. सेल्समधली मुलं भेटली की हमखास विचारतात, "सर, ओळखदेख नसलेला मेंटेनन्स मॅनेजर तुम्हाला उत्तर देतो कसा? फॉरमॅट पाठवा ना."

फॉरमॅट देतो, पण तो तसाच उचलून चालणार नाही. त्यातली निम्मी करामत वाराची आहे. आमच्याकडे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणला कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. म्हणून मेसेज जातो मंगळवारी दुपारी:

"साहेब, गुरुवारी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर अर्धा तास चालू ठेवून बघा. किती वेळ लोडवर राहतो, किती वेळ अनलोडवर, एवढं कळवलंत तर हवा किती गळतेय ते सांगतो. याचे पैसे नाहीत."

खाली नाव, गाव, नंबर. 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे' नाही, आयएसओ नाही, आणि ब्रोशरची पीडीएफ तर नाहीच. ती उघडणारा मॅनेजर मला अजून भेटायचाय.

हिशेब सोपा आहे. लोडवर म्हणजे कॉम्प्रेसर हवा भरतोय, अनलोडवर म्हणजे नुसताच फिरतोय. लोड २ मिनिटं आणि अनलोड ६ मिनिटं आलं, तर कुणीच हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर पाव वेळ राबतोय. म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा वाया. हे त्याचं त्यालाही काढता येतं, आणि काही जण काढतातही. पण आकडा स्वतःच्या कारखान्यातला निघाला की पुढचा प्रश्न तोच विचारतो: गळतंय कुठे? ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं एक भोक ३ किलोवॉटच्या वर वीज खातं, हे मी तेव्हा सांगतो. पहिल्याच मेसेजात लिहिलं तर ती जाहिरात वाटते.

आता टेस्टिंग. याबाबतीत मी जरा खडूस आहे. पोरं दोन मेसेज बनवतात, प्रत्येकी ५० जणांना पाठवतात. एकाला १ उत्तर येतं, दुसऱ्याला २, आणि लगेच "दुसरा डबल चालला!" अहो, तो योगायोग आहे. २ टक्के आणि ४ टक्के उत्तरांमधला फरक भरवशानं दिसायला प्रत्येक मेसेज साधारण ११०० जणांना जायला हवा. माझ्या कामाचे एवढे कारखाने यादीत भरायचे म्हटले तर नाशिकपर्यंत जावं लागेल. ई-मेलवाले 'ओपन रेट' दाखवतात, म्हणजे किती जणांनी मेल उघडला ते. ते मेलमधलं चित्र लोड झालं की मेल उघडला असं धरतात, पण अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये २०२१पासून अशी सोय आहे की माणसानं मेल उघडला नाही तरी त्यातली चित्रं आधीच लोड होतात. मग उघडला कुणी, हे कसं कळणार?

म्हणून मी शब्द बदलून बघत बसत नाही, माणूस बदलून बघतो. हाच मजकूर मालकांना पाठवला तर त्यांचं उत्तर "मेंटेनन्सशी बोला". परचेसकडे गेला की थेट "कोटेशन पाठवा", आणि तिथून पुढे सगळं भावावरच अडतं. मेंटेनन्सवाला मात्र आकडे पाठवतो.

आणि आलेली उत्तरं मोजत नाही, वाचतो. "आमचा व्हीएफडी आहे" असं उत्तर वरचेवर यायला लागलं. व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा. ती बसवलेला कॉम्प्रेसर हवेची मागणी घटली की आधी स्पीड कमी करतो. त्याला लोड-अनलोडची वेळ विचारण्यात अर्थ नाही. तेव्हापासून यादीचे दोन भाग केलेत. व्हीएफडीवाल्यांना मी गुरुवारी पॅनलवर किती किलोवॉट दिसतात एवढंच विचारतो.

नवा मजकूर पाठवण्याआधी ओळखीच्या एका रिटायर्ड फोरमनला वाचून दाखवतो. ज्या वाक्याला ते "बरं, मग?" म्हणतात, ते वाक्य काढून टाकतो. त्यांची फी म्हणजे एक कटिंग चहा.

उत्तर नाही आलं तर आठवण एकदाच, शुक्रवारी दुपारनंतर. सकाळी नको, सुट्टीनंतर लाइन उभी करायची धावपळ असते. त्यानंतर सहा महिने गप्प बसायचं.

तुमचा मेसेज मला बघायला पाठवणार असाल तर सोबत यादीही पाठवा. कुणाला जाणार हे कळल्याशिवाय नुसत्या मजकुरावर मी काय बोलणार?