विहीर कोणाच्या वाट्याला?

आमच्या वाटपाच्या दाव्यात सगळे राजी होते, तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोड कोर्टाला लेखी कळवणारा अर्ज, टाईप होऊन सह्यासुद्धा झाल्या होत्या, तरी कोर्टाने त्या तारखेला हुकूमनामा दिला नाही. कारण धाकटे काका. वय ५८, समज पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी.

दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३२ आहे, ती मुळात अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या मुलांसाठी, पण रूल १५ मुळे काकांसारख्या माणसांनाही लागू होते. त्यासाठी आधी कोर्ट चौकशी करून ठरवतं की या माणसाला स्वतःचं हित खरंच सांभाळता येत नाही. मग दाव्यापुरता पालक नेमतात, ज्याचा स्वार्थ त्याच्याविरुद्ध नाही असा. आमच्यात ती आत्या, कारण तिने हक्कसोड कधीच करून दिलेला.

पण पालकाची सही पुरत नाही. रूल ७ म्हणतो तडजोडीला कोर्टाची परवानगी पाहिजे आणि ती कामकाजात स्पष्ट नोंदवलेली पाहिजे. १९७६ च्या दुरुस्तीपासून पालकाचं ॲफिडेव्हिट लागतं, वकील असेल तर त्याचाही दाखला, की ही तडजोड काकांसारख्या माणसाच्या फायद्याची आहे. परवानगी नसेल तर नंतर काकांच्या बाजूने ती तडजोड मोडता येते, बाकीच्यांना मात्र मागे फिरता येत नाही. मला हे फार बरोबर वाटतं.

जज साहेबांनी नकाशा मागवला आणि विचारलं, विहीर कुठल्या गटात? बागायत सगळी बाबांना आणि मोठ्या काकांना, धाकट्यांना बरडाचा तुकडा आणि वर थोडे पैसे. कोणीच उत्तर देईना. खरं सांगते, आमच्यापैकी कोणाच्या मनात त्यांना फसवायचं नव्हतं, त्यांना जेवू घालणारी माणसं आम्हीच, पण "त्यांना कुठे शेती करायचीय" असं म्हणत म्हणत आम्ही चांगली जमीन आपसात वाटून घेतली होती आणि ते आम्हाला दिसलंही नव्हतं, नकाशा टेबलावर येईपर्यंत.

चार तारखा जास्त गेल्या. बाबा चिडले, वकिलांनाही ती नुसती फॉर्मॅलिटी वाटत होती. शेवटी काकांना विहिरीत तिसरा हिस्सा आणि पाण्याची पाळी मिळाली, पैसे त्यांच्या नावाने एफडीत गेले. रूल ६ प्रमाणे आत्याला ते कोर्टाला विचारल्याशिवाय हातात घेताच येत नव्हते, आता व्याज तेवढं औषधांना मिळतं.

त्यांची जमीन आता खंडाने दिलीय, पाणी आहे म्हणून लगेच गेली.