निळ्या रेषेच्या आतलं घर

'समर कोऑर्डिनेटर' हे माझ्या कामाचं नाव ऐकलं की पुण्यातली माणसं एप्रिल-मे धरून चालतात. पण युवा आदानप्रदानाचं, म्हणजे परदेशी मुलांनी काही आठवडे इथल्या कुटुंबांत राहण्याचं, वेळापत्रक युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्यांवर ठरतं, म्हणून आमची मुलं येतात जुलैत, भर पावसात, आणि बहुतेक जण छत्रीशिवाय. २०२४ साली बारा जण होते, पंधरा ते सतरा वयाचे. ६ जुलैला आले, ३ ऑगस्टला परतायचे होते. चार आठवडे, बारा घरं. एका घरात एकच मूल ठेवायचं. दोघांना एकत्र ठेवलं की ती आपसातच बोलत बसतात आणि घरातल्या आजीशी कुणी बोलत नाही.

बाहेरून हे काम सहली, मेंदी आणि पुरणपोळीचं दिसतं. निम्मं काम कागदांचं असतं. २०२४ साली परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत 'फॉर्म सी', म्हणजे तो कुठे राहतोय याची सरकारी नोंद, ऑनलाइन भरायचा असे. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं, घरगुती यजमानांच्या गावीही नसतं. आधी यजमानाने पोर्टलवर घराची नोंदणी करायची, मग मुलाचा पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा तपशील, भारतात उतरल्याची तारीख, फोटो. मूल दुसऱ्या घरी हललं की नवा फॉर्म. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "ताई, पोलिसांना कशाला कळवायचं? आपल्याच घरात पाहुणा आहे ना?" मी वाद घालत नाही. त्यांच्याच डायनिंग टेबलवर बसून फॉर्म भरते, प्रिंट काढते आणि फाइलला लावते.

दुसरा मोठा कागद घरभेटीचा. सहा पानं. मुलाला स्वतंत्र पलंग आहे का, बाथरूमला आतून कडी आहे का, कुत्रा आहे का, घरात कोण सिगारेट ओढतं, अठरा वर्षांवरचे किती जण राहतात आणि त्या प्रत्येकाची पोलिस पडताळणी झाली आहे का. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात एक नियम: मंजूर नसलेल्या घरी मुलाला ठेवायचं नाही, हलवायचं झालं तर परदेशातल्या मुख्य कार्यालयातल्या बालसुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यायची. नियम चांगला आहे. या क्षेत्रात जे वाईट घडतं ते बऱ्याचदा "एक रात्र ओळखीच्यांकडे राहू दे" इथूनच सुरू होतं. सहा पानांत घर कितव्या मजल्यावर आहे हे मात्र कुठेच विचारलेलं नव्हतं.

२५ जुलैच्या गुरुवारी लोहगड ठरला होता. घाटमाथ्यावरचा पाऊस बघून बुधवारी संध्याकाळीच तो रद्द केला. सतरा सीटची टेंपो ट्रॅव्हलर मात्र रद्द केली नाही, कारण ऐनवेळी रद्द केली तर निम्मे पैसे तसेही जातात. हा कंजूसपणा नंतर कामी आला.

पहाटे पाच चाळीसला फोन वाजला. सिंहगड रस्त्यावर एकतानगरी परिसरात आमचं एक घर होतं, तळमजल्यावर. तिथे जर्मनीचा सोळा वर्षांचा मुलगा होता. काका म्हणाले, "ताई, पायरीशी पाणी आलंय. पोराला वर पाठवतोय, चौथ्या मजल्यावर, ती एमपीएससीची मुलं राहतात ना, त्यांच्याकडे."

मी म्हणाले, "काका, दोन मिनिटं थांबा, मी विचारून सांगते."

पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग, "ताई, तिसरी पायरी गेली," आणि फोन बंद.

त्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या वर गेलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला काकांचा रागच आला होता, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. युरोपात तेव्हा रात्रीचे दोन दहा झाले होते. आणीबाणीच्या नंबरवर फोन उचलला गेला, आणि पहिला प्रश्न आला: वरच्या मजल्यावरच्या प्रौढांची पडताळणी झाली आहे का? मी सांगितलं, नाही, आणि मुलगा एव्हाना तिथे पोहोचला असेल. मग त्यांनी मला त्या चौघांच्या नावांची स्पेलिंग विचारली.

आता बाकीचे अकरा. इथे नवखे कोऑर्डिनेटर हमखास चूक करतात: ग्रुपवर "सगळे ठीक ना?" असं टाकतात. पाच मिनिटांत अकरा अंगठे येतात आणि त्यातल्या सात जणांनी मुलाच्या खोलीत डोकावूनही पाहिलेलं नसतं. मेसेज नाही, फोनच करायचा, प्रत्येक घरी, आणि तेच पाच प्रश्न त्याच क्रमाने: मूल तुम्ही आत्ता डोळ्यांनी पाहिलं का, घर कितव्या मजल्यावर, वीज आहे का, प्यायचं पाणी किती, मुलाच्या फोनचं चार्जिंग किती टक्के. औंधातल्या काकू फोन उचलेनात. चौथ्यांदा उचलला आणि "झोपलीये हो ती" म्हणाल्या. "उठवा आणि मला आवाज ऐकवा," म्हटलं. झोपेतला इटालियन वैताग ऐकू आल्यावर त्या नावापुढे टिक केली. अकरा घरांना एकतीस मिनिटं लागली.

पालकांना कळवायचंही एक गणित आहे. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्या साडेतीन तास मागे असतो. तिकडची माणसं सकाळी सात वाजता फोन हातात घेतात, म्हणजे आपले साडेदहा. त्याआधी आपला मेसेज तिथे पोचलेला असला पाहिजे, नाहीतर बातमी आधी पोचते. मजकुराचा क्रमही ठरलेला: पहिल्या ओळीत तुमचं मूल सुखरूप आणि कोरडं आहे, दुसऱ्या ओळीत ते आत्ता कुठे आहे, मग काय घडलं, शेवटी पुढचा मेसेज किती वाजता येईल. पाण्याचा फोटो पाठवायचा नाही. मी नऊला पाठवणार होते. पण साडेआठलाच मुलाच्या आईचा फोन आला, कारण चिरंजीवांनी चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून बुडालेल्या गाड्यांचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला होता, वर हसरी इमोजी. ती बाई तिकडे पहाटे पाच वाजता जागी होऊन थरथरत होती.

राखीव घरांबद्दल थोडं. दर सहा मुलांमागे एक मंजूर, रिकामं घर हाताशी ठेवायचं असतं. कुणी मुलाशी पटवून घेत नाही, कुणाच्या घरी आजारपण येतं, तेव्हा लागतं. या घरांचं दुखणं असं की तीन आठवडे बोलावणं आलं नाही की ती माणसं कंटाळून गावाला जातात. आमची दोन होती, एक कोथरूडला, एक सहकारनगरला. कोथरूड नदीपलीकडे. भिडे पूल पाण्याखाली, बाकीच्या पुलांवर पूर बघायला आलेल्यांची गर्दी. मोबाईल वर धरून उभ्या राहिलेल्या त्या लोकांमुळे त्या दिवशी किती ॲम्ब्युलन्स खोळंबल्या असतील देव जाणे. सहकारनगरला जायला नदी ओलांडायची नव्हती. दोन राखीव घरं नदीच्या दोन काठांना असणं हा निव्वळ योगायोग होता, माझं नियोजन नव्हे.

टेंपो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर सहा वाजता लोहगडसाठी म्हणून दारात हजर. सहल रद्द झाल्याचा निरोप त्याला मालकाने दिलाच नव्हता. त्याला सिंहगड रस्त्याच्या गल्ल्या तोंडपाठ. कुठे चढ आहे, कुठे पाणी साठतं, कुठे गाडी तोंड फिरवून उभी करायची, हे त्याने न विचारता केलं. त्या दिवशी माझ्याबरोबर काम करणाऱ्यांत सर्वांत शहाणा माणूस तोच होता, आणि त्याचं नाव आमच्या अहवालात 'वाहतूक पुरवठादार' असं आहे.

दुपारी अग्निशमन दलाच्या बोटीतून मुलगा बाहेर आला. अंगात एमपीएससीच्या पोरांपैकी कुणाचा तरी टीशर्ट. त्यांनी त्याला तीनदा मॅगी करून घातली होती, गॅस शिल्लक होता तेवढ्यात. त्याने त्यांना जर्मन संसदेची रचना समजावली, त्यांनी त्याला आपल्या राज्यसभेची. मला हे ऐकून हसू येण्याऐवजी त्याच्या पायाच्या अंगठ्याशेजारी सोललेली कातडी दिसली. जिन्यापर्यंत जाताना तो गुडघाभर पुराच्या पाण्यातून गेला होता. जखम आणि पुराचं पाणी म्हटलं की लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावाच लागतो, आणि प्रतिबंधक गोळी लवकर द्यायची असते. पालकांनी आधीच सही केलेलं वैद्यकीय संमतीपत्र फाइलमध्ये होतं म्हणून डॉक्टरांनी दारात अडवलं नाही. डॉक्सिसायक्लिन दिलं, धनुर्वाताच्या लशीची तारीख लसपत्रिकेवर बघितली, संपलं. मग सहकारनगर, आणि रात्री तिथला नवा फॉर्म सी.

खरी अडचण शुक्रवारी निघाली. काका-काकू चिखल उपसत होते, तेव्हा पलंगाखाली मुलाची सॅक सापडली, आत पासपोर्ट. आम्ही पासपोर्ट स्वतःकडे ठेवत नाही. तो ज्याचा त्याच्याकडे राहावा हे माझंही मत. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाला झिप असलेला प्लास्टिकचा पाऊच देतो. पाऊच सॅकमध्येच होता, आतून कोरडा ठणठणीत. त्यात आषाढी एकादशीला विठ्ठलवाडीच्या देवळाबाहेर घेतलेली तुळशीची माळ होती. पासपोर्ट बाहेरच्या कप्प्यात.

भिजलेला पासपोर्ट हेअर ड्रायरने वाळवायचा नाही. पानं आकसतात, चिपचाही भरवसा राहत नाही. पानांमध्ये टिश्यू घालून, वर जाड पुस्तक ठेवून, पंख्याखाली. फोटोचं पान ठीक होतं, पण आतली पानं चिकटली आणि मुंबई विमानतळावरच्या प्रवेशाच्या शिक्क्याची शाई पसरून निळा डाग झाला. अशा पासपोर्टवर विमानात चढू देतीलही, नाहीही. विमानतळावर पहाटे दोन वाजता हे कळून उपयोग नसतो. म्हणून सोमवारी मुलाला घेऊन मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासात गेले. तात्पुरता पासपोर्ट मिळतो, पण मूल अठराच्या आतलं म्हणून आई-वडील दोघांच्या संमतीच्या सह्या लागतात. आईवडील विभक्त. वडील नॉर्वेत मासेमारीच्या सुट्टीवर. त्यांची सही रविवारी रात्री साडेअकराला आली.

नवा पासपोर्ट बुधवारी हातात आला, तरी काम संपत नाही. ई-व्हिसा जुन्या पासपोर्टच्या क्रमांकावर असतो. नव्या पासपोर्टवर देशाबाहेर पडायला एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून, एक्झिट परमिट घ्यावं लागतं. अर्ज ऑनलाइन: जुन्या पासपोर्टची प्रत, नवा पासपोर्ट, व्हिसा, फोटो, परतीचं तिकीट, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून फॉर्म सी. ७ जुलैला काकांनी कुरकुरत भरू दिलेला तोच. तो आणि सहकारनगरचा, दोन्ही जोडले. परमिट शुक्रवारी संध्याकाळी मेलवर आलं, शनिवारी रात्रीचं विमान होतं. मुलं ३ ऑगस्टला गेली. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, एकतानगरीत पुन्हा पाणी शिरलं आणि लष्कर बोलवावं लागलं.

मुख्य कार्यालयाचा घटना-अहवाल अकरा पानी असतो. त्यात एक रकाना आहे: स्थलांतराचा निर्णय कुणी आणि किती वाजता घेतला. मी काकांचं नाव लिहिलं, वेळ पाच बेचाळीस. त्याखाली: परवानगी कुणाची? तिथे मी 'नाही' लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की परिस्थिती पाहता उल्लंघन मान्य करण्यात येत आहे. उल्लंघन कुणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. काकांनी मुलाला सगळ्यांत आधी वर पाठवलं होतं. त्यानंतर स्वतःच्या आईला पाठीवर घेऊन गेले, आणि फ्रिज, सोफा, गाडी पाण्यात सोडून दिली. ही माहिती भरायला अहवालात रकानाच नाही.

सप्टेंबरमध्ये मी घरभेटीच्या तक्त्यात चार प्रश्न वाढवले. घर कितवा मजला. मूल जमिनीच्या पातळीवर झोपणार का. घर नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत आहे का, लाल रेषेच्या आत आहे का. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. महापालिकेच्या विकास आराखड्यात दोन्ही दाखवलेल्या असतात. निळीच्या आत तळमजला असेल तर घर नामंजूर. जवळचं राखीव घर नदीच्या त्याच काठावर आहे का, हा चौथा. मुख्य कार्यालयाने हे चारही प्रश्न लगेच स्वीकारले, कौतुकही केलं.

नव्या तक्त्यावर जुनी बारा घरं तपासली. अकरा पास झाली. त्यात औंधातल्या काकूही, ज्यांनी चौथ्यांदा फोन उचलला होता.

काकांनी दिवाळीतच फोन करून विचारलं होतं, "पुढच्या जुलैला कोण येतंय आमच्याकडे? रंग दिलाय खोलीला." मी म्हटलं, बघते, कळवते. त्यांना अजून कळवलेलं नाही.