दिवस मावळायच्या आत

लेंटमधला शुक्रवार, रात्री उशिरा

आमच्याकडे उन्हाळी कांद्याची काढणी आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस, दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात. शुक्रवारच्या प्रार्थनेला पाळकसाहेब आणि दोन-चार म्हाताऱ्या, बाकीची मंडळी रानात. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. चाळीस दिवस चहा सोडणं त्या मानाने सोपं. कांदा अजून वावरातच पडलेला, खिशात दमडी नाही, तरी बायकांचा रोज त्याच संध्याकाळी हातावर ठेवायचा, हे अवघड.

आज त्यावरूनच घरात जरा वाजलं. ह्यांचं म्हणणं, माल एकदा नेप्तीच्या बाजारात जाऊ दे, विक्रीची पट्टी नि पैसे येऊ दे, मग सगळ्यांचा हिशेब एकदम करू. फार तर मुकादमाच्या फोनवर टाकून मोकळं होऊ. गावात बहुतेक जण तसंच करतात आणि कुणी कुणाला बुडवतही नाही. पण बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सरळ सांगितलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची. का, तर तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला असतो. मला त्या आज्ञेपेक्षा हे कारण जास्त टोचतं. आपला जीव पट्टीत गुंतलाय, त्यांचा आजच्या रोजात. आपल्याला थांबता येतं म्हणून त्यांनीही थांबावं, हा कुठला न्याय? याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते.

आणि रोख का, तेही लिहून ठेवते. पात कापायला येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचं खातं मुलाच्या मोबाइलला जोडलेलं. परवा बांधावर भाकरी खाताना म्हणाल्या, "पोराच्या फोनात पैसं गेलं का मला निस्तं टिंग ऐकू येतं, बाई." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. तेव्हापासून मी चारच्या सुमाराला गाडी काढून किराणा दुकानातून सुट्टे घेऊन येते. दुकानदार कुरकुरतो, पण देतो. सुट्टी झाली की एकेकीच्या हातात मोजून. मुकादमाला हे फारसं रुचलेलं नाही, त्याचं कारण तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

हे शेवटी "तुझं तू बघ" म्हणाले. म्हणजे होकारच.

गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, प्रश्न मात्र सुटलेला नाही. बायबलमधलं लेवीयाचं पुस्तक म्हणतं, शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाला नि परक्याला ठेवा. बायबलमधल्या बवाज या शेतमालकानं तर सरवा वेचायला आलेल्या परक्या रूथसाठी गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतून कणसं गाळायला लावली. कांद्यात सरवा म्हणजे गोल्टी, चिंगळी, एखादा जोडकांदा. भाव पडलेला असतो तेव्हा आम्ही सगळेच बवाज. "न्या गं बायांनो, पिशव्या भरून न्या!" भाव चढला की तीच गोल्टी वेगळ्या गोणीत जाते आणि बांधावर नजर ठेवायला पोरगं बसवलं जातं. यंदा भाव बरा आहे. मी सांगितलंय की रोज जाताना प्रत्येकीनं घरापुरता कांदा न्यायचा, कुणी पिशवी उघडून बघणार नाही. हे गप्प बसलेत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळायला मला दोन दिवस लागतात.

गोणीच्या तोंडाशी मोठा माल आणि पोटात बारीक, हा उद्योग आमच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून बंद आहे, त्यावर बोलायलाच नको.

निजण्याआधी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय वाचला. पुदिना, शेप नि जिरं यांचासुद्धा दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, काटेकोर देणारे लोक, आणि न्याय, दया, विश्वास मात्र बाजूला ठेवलेले. गंमत अशी की येशू दशांश सोडा म्हणत नाही. हे करायचं आणि तेही सोडायचं नाही, असं तो म्हणतो, आणि आमची ओढाताण तिथेच आहे. रोज चुकते करून, कृषी केंद्राची उधारी वजा जाऊन, ईस्टरच्या दानाच्या पाकिटात ठेवायला यंदा फार काही उरणार नाही. ह्यांना लाज वाटते, कारण आमच्या चर्चमध्ये पाकिटांवर नावं असतात. मला तेवढी वाटत नाही. रविवारी उपासना सुटली की पाळकसाहेबांना मीच गाठणार आहे: दशांश येईल, पण पट्टी आल्यावर, मे महिन्यात. देव थांबेल. सोमवारी तणनाशकवाला उधारी मागायला येणार आहे, तो नाही थांबायचा.