वाघीच्या पट्ट्यांचा माग

डिचोली, भाद्रपद वद्य पंचमी

पहाटे साडेपाचला पळी घेऊन अंगणात उभी होते. रात्रभर पाऊस पडून गेलेला आणि माझ्या कुत्र्याला, तांबूला, ओल्या जमिनीचा भारी तिटकारा. एकेक पाय झटकत तो पोफळीपाशी गेला. तंगडी वर झाली तशी मी पळी खाली धरली. मग सोप्यावरच्या दिव्याखाली त्या थेंबांत लघवी तपासायची पट्टी बुडवली आणि तीस आकडे मोजले. साखरेचा चौकोन हिरवटच राहिला, तपकिरीकडे झुकला नाही. या महिन्यापुरता जीव भांड्यात पडला.

तांबू सहा वर्षांचा आहे, बासेंजी या आफ्रिकी जातीचा. बासेंजींना फॅन्कोनी नावाचा मूत्रपिंडाचा आजार होतो. रक्तातली साखर ठीक असते, तरी ती लघवीवाटे वाहून जाते, सोबत क्षारही. बहुधा चार वर्षं उलटल्यावर तो डोकं वर काढतो. 2011 पासून त्याची थेट डीएनए चाचणी होते. तांबूची केली, तर आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून दोष आलेला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, आईबाप धडधाकट आहेत. असतीलही. एकेरी दोष, म्हणजे एकाचकडून आलेला, असलेलं कुत्रं आजारी पडत नाही, फक्त पुढे देतं. पण चाचणी न करता पिल्लं विकली याचा राग अजून जात नाही.

त्या रागातूनच मी वंशावळीच्या मागे लागले. 1895 मध्ये काँगोहून इंग्लंडला नेलेली जोडी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाने गेली. जातीने तिथे मूळ धरलं ते 1930च्या दशकात. 1959 मध्ये तिथल्या बासेंजी पाळणाऱ्या व्हेरोनिका ट्यूडर-विल्यम्स दक्षिण सुदानात गेल्या आणि फुला नावाची तांबडी कुत्री घेऊन आल्या. जवळपास कुठलाही वंशावळीचा कागद धरून मागे जा, फुला भेटतेच. इतक्या थोड्या कुत्र्यांवर सगळा डोलारा. त्यात 1970च्या दशकात या जातीतल्या आनुवंशिक रक्तक्षयाची चाचणी आली आणि एकेरी दोषाची कुत्रीसुद्धा सरसकट पैदाशीतून काढली. कळप आणखी आकसला. फॅन्कोनी फोफावला तो त्यानंतरच, असं जुने बासेंजीवाले मानतात.

म्हणून माझ्या दुसऱ्या बासेंजीच्या, वाघीच्या, अंगावरचे पट्टे मला इतके मोलाचे वाटतात. 1987 आणि 88 मध्ये काही अमेरिकन माणसं झाईरच्या (आताच्या काँगोच्या) रानात जाऊन नवी कुत्री घेऊन आली. 1990 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीची नोंदवही उघडून 14 कुत्र्यांना जागा दिली. पट्टेरी रंग त्यांच्यासोबत आला. वाघी दुपारी कुळागराच्या सावलीत मांजरासारखी पंजा चाटत बसते, तेव्हा तिच्या फासळीवरून मी बोट फिरवते. त्या रानातलं कुणीतरी हाताला लागतं.

वाघीतही फॅन्कोनीचा एकेरी दोष आहे. डॉक्टर म्हणाले, नसबंदीचं ऑपरेशन करून टाका. नाही करणार. निर्दोष नर मिळाला तर पिल्लांपैकी एकही आजारी निघणार नाही, सरासरी निम्म्यांत दोष नुसता लपून राहील. वाघीला बाद केलं तर पुन्हा तीच 1970च्या दशकातली चूक.

बासेंजी वर्षातून एकदाच माजावर येते. यंदा वाघीने गावच्या कुत्र्यांसारखा भाद्रपदच गाठला. संध्याकाळी देवळातली घंटा वाजली आणि दोघांनी मान वर करून तो त्यांचा लांब, चढउताराचा सूर लावला. भुंकणं नाहीच. फाटकाबाहेर गावठी कुत्री जमली होती. आई काही न बोलता उठली, माडाची झावळ ओढत नेली आणि फाटकाखालची फट बुजवून आली.