नौपाड्याहून तुर्भ्याला, पारसिक बोगद्यासकट

आमच्या मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशनं आणि डोंगरांसकट छोटी प्रतिकृती, आजवर ठाण्यात नौपाड्यातल्या एका माळ्यावर भिंतीला टेकून उभा असायचा. चार बाय दोन फुटांचे प्लायचे तुकडे, दोन तुकड्यांच्या मधे जुन्या चादरी. प्रदर्शन आलं की खाली उतरवायचे, बोल्टनं जोडायचे, दोन दिवस गाड्या पळवायच्या आणि पुन्हा सोडवून माळ्यावर. आता नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीत पहिल्या मजल्यावर तीस बाय सोळा फुटांचा गाळा मिळाला आहे. यापुढे लेआउट तिथेच राहणार, त्याचे तुकडे पुन्हा सुटे व्हायचे नाहीत.

हलवाहलव रविवारी होती. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, म्हणून ब्लॉक सुरू व्हायच्या आत डोंबिवलीहून जलद लोकल पकडली. दिवा मागे पडलं की अजूनही कान आपोआप बोगद्याची वाट बघतात. पण २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूनं जातात. पारसिकमधून आता लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात. १९१६ साली सुरू झालेला, जवळपास १.३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा आमच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. गाडी आत शिरली की दारातली गरम हवा बदलायची, गप्पा अर्ध्यावर थांबायच्या, आणि भजनी मंडळ मात्र आवाज चढवायचं. टाळ बोगद्यात ऐकलेत त्यांनाच ते कळेल. नव्या मार्गिकेची गरज होतीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या प्रवासावर आमच्या पिढ्या वाढल्या, तो प्रवास आता लोकलमधून करता येत नाही, ही गोष्ट मला लागते.

लेआउटमध्ये काय दाखवायचं, हा प्रश्न कायमची जागा मिळेपर्यंत कधी उभाच राहिला नव्हता. सुट्या तुकड्यांवर काहीही चालायचं. डेक्कन क्वीनशेजारून स्विस गाडी गेली तरी बघणारे खूश. जागा ठरल्यावर मात्र कुठलं ठिकाण आणि कुठलं साल, हे ठरवणं भाग पडलं. एकाचा आग्रह १६ एप्रिल १८५३ चा होता: बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. मोह मलाही झाला. ठाणेकरांना त्या दिवसाचा अभिमान असतोच. पण ते ३४ किलोमीटर एचओ प्रमाणात, म्हणजे ८७ पटींनी लहान केले, तरी ३९० मीटर होतात. शिवाय त्या दिवसाबद्दल ज्याला विचारावं असं माणूस कुठून आणणार? शेवटी ठरलं ठाणे ते दिवा, १९८० चं दशक, आणि जलद लोकल पारसिकमधून.

विचारायला माणूस आमच्यातच आहे. निवृत्त मोटरमन, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. टेम्पोत ते पुढे बसले, मी मागे तुकड्यांना धरून. कळव्याच्या खाडीपुलावरून शेजारचा रेल्वे पूल दिसला. पहिल्या गाडीला जेमतेम वर्ष होतंय तोच, १ मे १८५४ ला, ही लाइन खाडी ओलांडून कल्याणला पोचली होती. पुढे विटाव्याला रस्ता रुळांच्या खालून जातो. पावसाळ्यात इथे पाणी तुंबतं, म्हणून हलवाहलव कोरड्या दिवसांत ठेवली होती. आम्ही खाली असताना वरून गाडी धडधडत गेली, आणि काका खिडकीतून ओरडले, "टेम्पोवाले दादा, जरा दमानं घ्या हो, आमचं ठाणं स्टेशन आहे मागं!" दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली करत ठाणे-बेलापूर रस्त्यानं तुर्भं गाठलं. ट्रान्स हार्बरच्या लोकल अधूनमधून सोबतीला होत्या. एका गतिरोधकावर एक सिग्नल मोडला, बाकी सगळं धड पोचलं.

गाळ्याच्या बरोबर मधे एक कॉलम आहे. भाड्याची बोलणी चालली होती तेव्हा सगळ्यांना तो खुपत होता. आमच्यातल्याच सुतारकाकांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "हा डोंगरात घ्या की." पारसिकचा डोंगर आता त्या कॉलमभोवती आहे. एवढी सोपी गोष्ट आम्हाला कुणालाच सुचली नव्हती.

खऱ्या मापानं बोगदा पंधरा मीटरचा व्हायला हवा, तेवढी जागा नाही. तेव्हाची नऊ डब्यांची लोकल आमच्या प्रमाणात सव्वादोन मीटर भरते. म्हणजे बोगद्यानं अख्खी गाडी गिळली पाहिजे आणि वर थोडा वेळ काहीच दिसता कामा नये. कुणी अडीच मीटर म्हटलं, कुणी तीन. काकांनी घड्याळ लावून गाडी चालवायला लावली आणि साडेतीनवर बोट ठेवलं. साडेतीनच केला.

सुट्या लेआउटचं खरं दुखणं जोडावर असतं. या छोट्या गाड्यांच्या चाकाची कड एक मिलिमीटरहून कमी असते. दोन तुकड्यांचे रूळ केसभर जरी वरखाली झाले तरी गाडी घसरते. दर प्रदर्शनात रुळांची टोकं वाकायची आणि आमचा निम्मा दिवस तिथेच जायचा. गाळ्यात आम्ही जुनी टोकं कापून जोडांवरून सलग रूळ टाकले, खाली कॉर्क. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर डाखून ती खालच्या मुख्य वायरीला जोडली, कारण नुसत्या जोडपट्टीतून जाणाऱ्या विजेचा भरवसा नसतो. कडेची वळणंही ऐसपैस झाली. पूर्वी ती इतकी तोकडी होती की लांब डबे वळताना एकमेकांपासून फाकायचे, आणि मला ते बघवत नसे. दोन रुळांमधलं अंतर मात्र जगभरच्या एचओसारखं १६.५ मिलिमीटरच आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबानं ते १९.३ हवं. पण तसे रूळ आणि सांधे हातानं घडवायचे म्हणजे आयुष्य पुरायचं नाही.

खाडीजवळची दमट हवा हा इथला मोठा शत्रू. म्हणून नवी बैठक मरीन प्लायची, कापलेल्या कडाही रंगवलेल्या. पायांना खालून बोल्ट आहेत, प्लाय फुगलंच तर पातळी पुन्हा साधता येईल. निकेल सिल्व्हरचे रूळ गंजत नाहीत, पण त्यांच्यावर थर बसतो आणि गाडी अडखळते. त्यामुळे दर वेळी गाड्या चालवायच्या आधी अल्कोहोलनं पुसणं आलंच.

संध्याकाळी पिवळी-तपकिरी लोकल ठाण्याहून सुटली. डबे आमच्याच थ्रीडी प्रिंटरवर झालेले. कळवा गेलं, गाडी बोगद्यात शिरली आणि दिव्याच्या बाजूला बाहेर पडली, कुठल्याही जोडावर न थबकता. काकांनी ती आणखी तीनदा चालवायला लावली. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून आल्यापासून एका जागी रुजलेला लेआउट काय असतो ते मला माहीत होतं. आपल्या रोजच्या रस्त्याचा तसा लेआउट बघणं हा वेगळा आनंद आहे, आणि तो मला हवाच होता.

ओव्हरहेड वायर अजून बाकी आहे. तेव्हाची १५०० व्होल्टच्या डीसीची वायर आजच्या एसीच्या वायरीपेक्षा जाड असायची, कारण कमी दाबामुळे प्रवाह जास्त लागायचा. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून ती २०१५ पर्यंत पूर्ण गेली, त्यामुळे खांबांची मापं आम्ही जुन्या फोटोंवरून काढतो आहोत. मुंब्र्याच्या बाजूची धीमी लाइनही टाकायची आहे. तिथे खाडी आणि डोंगराच्या मधे नऊ इंच जागा उरली आहे. सुतारकाका खाडी अरुंद करा म्हणतात, काका म्हणतात खाडीला हात लावायचा नाही. येत्या रविवारी त्यावरच बसायचं आहे.