जॅकार्ड सिम्युलेटर: छिद्रं आता प्रायव्हेट

यावेळी स्क्रीनवर नवीन काही दिसणार नाही, सगळी खटपट आतली आहे. नव्या मंडळींसाठी: सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जॅकार्डवर (मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर) निघते, त्याची पुठ्ठ्याची कार्डं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत चालवून बघायची, हा माझा उद्योग. कार्डाला छिद्र असेल तिथे सुई आरपार जाते आणि ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो. नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. म्हणजे एक कार्ड म्हणजे नुसता बुलियन अ‍ॅरे, हो-नाहीची एक यादी.

पहिल्या आवृत्तीत तो सोयीसाठी पब्लिक होता, म्हणजे बाकीच्या कोडलाही वाचता-बदलता यायचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखानदार काकांना प्रोग्राम दाखवला, तर ते म्हणाले, "नक्षी बदलायची तर नवं कार्ड पाडायचं. पाडलेल्याला हात नाही लावायचा की!" क्लासचा, म्हणजे कार्डाच्या कोडमधल्या साच्याचा, आराखडा त्यांनीच सांगून टाकला.

छिद्रं प्रायव्हेट केली (फक्त त्या क्लासच्या कोडला दिसणारी), ती बदलणारा सेटर उडवला. खरी गंमत ती बाहेर देणाऱ्या गेटरमध्ये. त्याने अ‍ॅरे परत केला की प्रत जात नाही, मूळ अ‍ॅरेच बाहेर जातो. मग कोणीही सातवं छिद्र बुजवून मोकळा, आणि कोड तपासणारा कंपायलर गप्प! प्रायव्हेट फक्त त्या व्हेरिएबलच्या नावाला लागू, अ‍ॅरेतल्या मजकुराला त्याचं संरक्षण नाही. फायनल लावूनही तेच: व्हेरिएबल दुसऱ्या अ‍ॅरेकडे वळवता येत नाही, आतलं मात्र खुशाल बदलता येतं. जावा १६ पासूनच्या रेकॉर्डनेही (नुसती माहिती ठेवायच्या तयार क्लासनेही) हे सुटत नाही, त्याचा आयता मिळणारा गेटरसुद्धा मूळ अ‍ॅरेच देतो.

कार्ड बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरमध्ये क्लोन (अ‍ॅरेची प्रत) घातला, कारण अ‍ॅरे देणाऱ्याच्या हातात मूळ राहतोच. गेटर मात्र काढूनच टाकला. त्याजागी 'छिद्रआहे(क्रमांक)' ही मेथड. मागाला तेवढंच विचारायचं असतं. (हो, जावात देवनागरी नावं चालतात.)

दोन कार्डं सारखी आहेत का, हे तपासताना दुसऱ्या कार्डाची प्रायव्हेट छिद्रं थेट वाचता आली. जावात प्रायव्हेटची हद्द क्लासपुरती, त्यातून बनलेल्या एकेका ऑब्जेक्टपुरती नाही. इथे ते पथ्यावरच पडलं.

आता 'नक्षी' आणि तिच्यावरून बेतलेला सबक्लास 'काठनक्षी' उरलेत. तिथे प्रोटेक्टेड (सबक्लासलाही उघडं) लावायचा मोह होतोय, पण सी++ वाल्यांनो, जावात प्रोटेक्टेड अख्ख्या पॅकेजलाही (क्लासच्या गटालाही) उघडं असतं. तेव्हा आधी 'माग' क्लास वेगळ्या पॅकेजात हलवतो, मग बघू.