जुलाब थांबेनात, डॉक्टरकडे कधी न्यायचं?

लेक दीड वर्षाची, जुलाब काही थांबेनात आणि घरात सगळ्यांचं एकच, दात येतायत, होतं असं. पण दातांमुळे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत हो, ते डोक्यातून काढूनच टाका. मी शी किती वेळा झाली यापेक्षा डायपर किती ओला होतोय ते बघते, सहा-आठ तास सुसूच नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेत, पोर नुसतं मलूल पडून आहे, तर रात्र असली तरी लगेच निघायचं. शीमध्ये रक्त दिसलं किंवा घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल तरी तेच. आणि यातलं काहीच नसलं तरी आठवडाभर लांबलं की दाखवाच.

तोवर ओआरएस, 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच, चमच्याचमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध, वरण-भात चालू ठेवा. डॉक्टरांनी झिंक दिलं तर जुलाब थांबले तरी 14 दिवसांचा कोर्स पूर्ण करा. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी मात्र तुकडा करूनसुद्धा देऊ नका, प्लीज.